बातमी कळण्यापूर्वीचे आठवडे

घरात बाळाची चाहूल लागली की मराठीत आपण म्हणतो, "तिला दिवस गेले आहेत." पण किती दिवस? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. बाळ पोटात नऊ महिने नऊ दिवस असते, हे उत्तर आजीपासून नातवापर्यंत सर्वांना पाठ असते. तीस दिवसांचा महिना धरला तर हे २७९ दिवस भरतात. डॉक्टर मंडळी २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे धरतात. दोन्ही हिशेबांत फरक अवघ्या एका दिवसाचा! खरी गंमत आहे ती हे दिवस कोठून मोजायचे यात.

मोजणी सुरू होते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्या दिवशी गर्भाशयात गर्भ नसतोच. तो राहण्याची घटना त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी घडते. मग असा उलटा हिशेब का? कारण साधे आहे. गर्भ कोणत्या दिवशी राहिला हे कोणालाच बाहेरून दिसत नाही. पाळीची तारीख मात्र लक्षात राहते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील प्रसूतितज्ज्ञ फ्रान्ट्स नेगेले (१७७८–१८५१) यांच्या नावाने एक नियम आजही वापरला जातो: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस आणि नऊ महिने मिळवा, की प्रसूतीची संभाव्य तारीख मिळते. हा नियम २८ दिवसांचे पाळीचक्र गृहीत धरतो. सर्वच स्त्रियांचे चक्र इतके नेमके नसते आणि बाळेही तारीख पाहून जन्माला येत नाहीत. तरी अंदाजाला नियम चांगला आहे.

आपण एक उदाहरण घेऊ आणि लेखभर तेच वापरू. समजा, एका स्त्रीची पाळी १ जूनला सुरू झाली. चक्र २८ दिवसांचे. म्हणजे पुढची पाळी २९ जूनला अपेक्षित, आणि नेगेले यांच्या नियमाने प्रसूती ८ मार्चच्या सुमारास. एका कागदावर या तारखा लिहून ठेवा.

१५ जूनच्या सुमारास तिच्या अंडाशयातून एक अंडपेशी बाहेर पडते. ही पेशी सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाची असते, म्हणजे बारीक सुईच्या टोकाने उमटवलेल्या ठिपक्याएवढी. माणसाच्या शरीरातील ही सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक. नजर तीक्ष्ण असेल तर नुसत्या डोळ्यांनीही जेमतेम दिसावी. ती फार तर एक दिवस टिकते. शुक्रपेशी मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. दोघींची गाठ अंडनलिकेत पडली की फलन होते आणि एकच पेशी तयार होते, ती म्हणजे युग्मनज. मुलगा की मुलगी हेही त्याच क्षणी ठरते, आणि ते ठरते शुक्रपेशीत एक्स गुणसूत्र आहे की वाय, यावर. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांना जीवशास्त्राच्या पहिल्याच धड्यात नापास करावे लागेल.

युग्मनज एकाचे दोन, दोनाचे चार असे विभागत गर्भाशयाकडे सरकू लागते. तिसऱ्या दिवशी ते तुतीच्या फळासारखे दिसते. पाचव्या दिवसापर्यंत त्याचा पोकळ गोळा होतो. गोळ्याच्या बाहेरच्या थरापासून पुढे वार तयार होणार असते आणि आतील पेशींच्या पुंजक्यापासून बाळ. २१ ते २५ जूनच्या दरम्यान हा गोळा गर्भाशयाच्या आतल्या मऊ अस्तरात रुततो. क्वचित प्रसंगी तो वाटेतच, अंडनलिकेत रुजतो. असा गर्भ वाढू शकत नाही आणि नलिका फुटून आईच्या जिवावर बेतू शकते. म्हणून पाळी चुकल्यानंतर एका बाजूला पोटात तीव्र कळ, रक्तस्राव किंवा घेरी येऊ लागली तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठायचे असते.

गोळा रुजला तरी एक संकट उरतेच. २९ जूनला पाळी येऊन गर्भाशयाचे अस्तर गळून जाणार असते. त्याबरोबर हा पाहुणाही वाहून जाईल. ते टाळायला तो स्वतःच हालचाल करतो. त्याच्या बाहेरच्या थरातील पेशी एक संप्रेरक रक्तात सोडू लागतात. त्याचे लांबलचक नाव ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन, थोडक्यात एचसीजी. अंडपेशी बाहेर पडल्यानंतर अंडाशयात मागे उरलेला पिवळसर पिंड प्रोजेस्टेरॉन बनवीत असतो, आणि त्या प्रोजेस्टेरॉनवरच गर्भाशयाचे अस्तर टिकून असते. एचसीजी या पिंडाला जणू निरोप देते, "काम थांबवू नकोस." पिंड थांबत नाही, अस्तर गळत नाही, पाळी येत नाही. 'पाळी चुकली' असे आपण म्हणतो खरे, पण ती चुकत नाही, ती थांबवली जाते. सुरुवातीला रक्तातील एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जाते आणि काही अंश लघवीतूनही बाहेर पडतो.

लघवीतील हा अंश हुडकणे म्हणजेच गर्भधारणेची चाचणी. १९२७ साली बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या दोघा शास्त्रज्ञांनी त्यासाठी उंदरांच्या लहान माद्या वापरल्या. स्त्रीची लघवी त्यांना टोचायची, काही दिवसांनी त्यांचे पोट फाडून अंडाशय तपासायचे. प्रत्येक चाचणीसाठी उंदीर मरत. पुढे दक्षिण आफ्रिकेतील झेनोपस जातीची बेडकी पुढे आली. लघवी टोचल्यावर ती काही तासांतच अंडी घालत असे, आणि जिवंत राहून पुढच्या चाचणीला तयार! १९६० नंतर प्रतिपिंडांवर आधारलेली पद्धत निघाली आणि प्राण्यांची सुटका झाली. आज औषधाच्या दुकानात किंवा गावातील आशाताईंकडे मिळणाऱ्या पट्टीवर एचसीजीला नेमके पकडणारी प्रतिपिंडे असतात. एचसीजी सापडले की रंगाचे कण एका ओळीत अडकतात आणि दुसरी रेघ उमटते. सकाळची पहिली लघवी वापरायला सांगतात, कारण रात्रभरात ती दाट झालेली असते.

आता आईला काय वाटते? पहिले काही दिवस बहुधा काहीच नाही. पाळी थांबल्यानंतर थकवा, झोप येणे, स्तन जड आणि दुखरे होणे, लघवीला वरचेवर जावे लागणे, असे बदल दिसू लागतात. मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते (हे आठवडे पाळीपासून मोजलेले), नवव्याच्या आसपास जास्तीत जास्त असते आणि बहुतेकींना चौथ्या-पाचव्या महिन्यात आराम पडतो. सकाळी कोरडे काही थोडेसे खाणे, एकदम पोटभर न जेवता थोडे थोडे खाणे, आले चघळणे याने बरे वाटते. पोटात पाणीही ठरत नसेल तर मात्र ते सोसत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. हे सारे 'मनाचे खेळ' असल्याची समजूत पूर्वी डॉक्टरांमध्येही होती. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ती खोडून काढली. गर्भ आणि वार यांच्याकडून जीडीएफ-१५ नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात येते, ते मेंदूतील उलटीच्या केंद्रावर परिणाम करते. ज्या स्त्रियांच्या रक्तात हे संप्रेरक आधी कमी असते त्यांना त्याचा त्रास अधिक होतो. तेव्हा एखादी गर्भवती ताटावरून उठून गेली तर तिला नखरेल म्हणू नये.

इथपर्यंतची माहिती घरोघरी थोडीफार ठाऊक असते. पुढची मात्र फार थोड्यांना असते, आणि या लेखाचे कारण तीच आहे.

फलनानंतर अठराव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे आपल्या उदाहरणात ३ जुलैला, गर्भ ही एक चपटी चकती असते. तिच्या पाठीच्या बाजूला मधोमध जाडसर पट्टी दिसू लागते. पट्टीच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, मध्ये पन्हळ तयार होते, मग कडा एकमेकींकडे वाकतात आणि जुळतात. करंजीचे काठ जुळवतात ना, तसेच. पट्टीची नळी होते. तिला मज्जानलिका म्हणतात. हिच्या वरच्या टोकापासून मेंदू होणार, उरलेल्या भागापासून मज्जारज्जू. काठ जुळायला मानेच्या जागी सुरुवात होते आणि तेथून मिटणे दोन्ही दिशांनी पुढे सरकते. वरचे टोक २५ व्या दिवशी मिटते, खालचे २८ व्या दिवसाच्या सुमारास. दरम्यान, साधारण २२ व्या दिवशी, हृदयाची नळी धडधडू लागलेली असते. सुश्रुतसंहितेत गर्भिणीला दोन हृदये असलेली स्त्री म्हटले आहे, ते या अर्थाने खरेच म्हणायचे. या वेळी गर्भाची लांबी किती? सुमारे ४ मिलिमीटर, मुगाच्या दाण्याएवढी.

करंजीचा काठ नीट न दाबला गेला तर ती कढईत उलते. मज्जानलिकेचे वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू व कवटी घडत नाहीत आणि बाळ जगू शकत नाही. खालचा भाग उघडा राहिला तर कण्यात फट राहते. तिला स्पायना बिफिडा म्हणतात. अशा मुलांना शस्त्रक्रिया लागते, अनेकांना पायांतील शक्ती आणि लघवीवरचा ताबा जन्मभर कमी असतो.

आता तुमच्या कागदावरच्या तारखा पुढे न्या. फलन १५ जून. २८ वा दिवस म्हणजे १३ जुलै. पाळी अपेक्षित होती २९ जूनला. म्हणजे पाळी थांबल्यापासून अवघ्या दोन आठवड्यांत मज्जानलिका मिटून जाते. 'होईल उशिरा, वाट पाहू' असे म्हणण्यातच हे दोन आठवडे जातात. बारा आठवड्यांच्या आत दवाखान्यात नाव नोंदवा, असे सरकार सांगते आणि ते योग्यच आहे. पण १ जूनपासून बारा आठवडे २४ ऑगस्टला पूर्ण होतात. तोवर, १० ऑगस्टपर्यंतच, हात, पाय, डोळे, कान, हृदय यांचा पाया घालून झालेला असतो आणि गर्भ सुमारे ३ सेंटिमीटर झालेला असतो. पुढचे महिने मुख्यतः वाढीचे आणि बारीक घडणीचे.

या काळात बाहेरून आलेला घाव किती खोल जातो, हे जगाने दोनदा पाहिले. १९४१ साली सिडनी येथील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आले की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या अनेक बाळांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला झाला होता. आईला नुसता ताप आणि पुरळ. बाळाला अंधत्व, बहिरेपण, हृदयदोष. २०१७ पासून भारतात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली, ती यासाठीच. दुसरी घटना थॅलिडोमाइडची. हे औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत निर्धोक म्हणून बाजारात आले, गर्भवतींनीही मळमळीवर घेतले आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये तेथील बाजारातून मागे घेतले गेले. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळे आखूड हातापायांची किंवा अन्य व्यंगांसह जन्मली होती. औषधाचा हा परिणाम फलनानंतर साधारण २० ते ३६ दिवसांतच घडे. आजही मुरुमांवरच्या काही गोळ्या, तंबाखू, मिश्री, दारू यांचा धोका याच काळापासून सुरू होतो.

मग या आठवड्यांत गर्भाला मदत करायची तरी कशी? उत्तराचा एक धागा मुंबईत सापडतो. १९२८ साली लूसी विल्स (१८८८–१९६४) या इंग्लिश डॉक्टर मुंबईला आल्या. कापड गिरण्यांतील गरीब कामकरी स्त्रियांना गरोदरपणी एक विचित्र रक्तक्षय होई. त्यात तांबड्या पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या दिसत, आणि अनेक स्त्रिया दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत राहून विल्स यांनी त्याचा शोध घेतला. जंतू सापडला नाही. निकृष्ट आहार मात्र सापडला. तसाच आहार उंदरांना आणि माकडांना देऊन त्यांनी प्रयोग केले. अखेर यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्लंडात पावाला लावून खातात त्या मार्माइट नावाच्या काळपट, खारट पदार्थाने, रोगी स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कात नेमके काय आहे, हे माहीत नव्हते. त्याला 'विल्स घटक' म्हणत.

१९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात चार टन पालकापासून एक आम्ल वेगळे काढण्यात आले. पान या अर्थाच्या लॅटिन 'फोलियम' शब्दावरून त्याचे नाव ठेवले फॉलिक आम्ल. १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने. हे मूळचे आंध्रातील भीमवरमचे. विल्स घटक तो हाच!

पेशी दुभंगण्यापूर्वी तिला डीएनएची दुसरी प्रत लागते. ती बनवताना लागणारे एक-एक कार्बनचे तुकडे वाहून आणण्याचे काम फॉलिक आम्लाकडे असते. ते कमी पडले की पेशी वाढते, पण विभागू शकत नाही. मुंबईच्या त्या स्त्रियांच्या तांबड्या पेशी मोठ्या आणि थोड्या का होत्या, ते आता कळेल. शरीरात वेगाने विभागणाऱ्या पेशींना याची झळ आधी लागते, आणि चार आठवड्यांच्या गर्भाइतक्या वेगाने विभागणारे दुसरे काय असणार?

हा संबंध पडताळणारा मोठा प्रयोग १९९१ मध्ये संपला. सात देशांतील ३३ केंद्रांत, आधी मज्जानलिकेचा दोष असलेले मूल झालेल्या १,८१७ स्त्रियांनी त्यात भाग घेतला. काहींना गर्भ राहण्यापूर्वीपासूनच फॉलिक आम्ल दिले, काहींना नाही. फॉलिक आम्ल घेतलेल्या गटांत असे दोष ६ निघाले, न घेतलेल्यांत २१. दोन्ही बाजूंच्या स्त्रियांची संख्या जवळजवळ सारखी होती. फरक इतका स्पष्ट दिसला की प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवला. न देणाऱ्या गटाला न देत राहणे योग्य ठरले नसते.

म्हणून आज डॉक्टर सांगतात की मूल हवे असे ठरवले की गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे. आधीचे मूल दोषयुक्त असेल तर मात्रा दहापट असते, ती डॉक्टरांनीच ठरवायची. गोळी स्वस्त आहे. पालक, मेथी, माठ, चवळी, हरभरा, मूग, शेंगदाणे यांत ते नैसर्गिक रूपात असतेच. पण ते पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नष्ट होते. भाजी फार वेळ उकळून वरचे पाणी मोरीत ओतणे म्हणजे फॉलिक आम्ल मोरीला पाजणे.

तुमच्यापैकी अनेकांना शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते. तीत लोह ६० मिलिग्रॅम आणि फॉलिक आम्ल ५०० मायक्रोग्रॅम असते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. ही गोळी प्रामुख्याने त्यावर आहे. आठवड्याची एक गोळी म्हणजे रोजची मात्रा नव्हे, हे लक्षात ठेवावे. पण ती बाकाखाली टाकून देणारे विद्यार्थी शिक्षकांना माहीत असतात. शिक्षकांनी त्या तासाला लूसी विल्स यांची गोष्ट सांगून पाहावी. गोळी रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, म्हणून ती जेवणानंतर द्यावी.

एक गोष्ट राहिली. सर्व काही नीट करूनही गर्भ टिकत नाही, असे घडते. कळून आलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे १० ते १५ टक्के आपोआप संपतात आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. जिना चढल्यामुळे, पपईची फोड खाल्ल्यामुळे किंवा कोणाच्या दृष्टीमुळे गुणसूत्रे बदलत नाहीत. अशा वेळी त्या स्त्रीला विश्रांती आणि वैद्यकीय तपासणी लागते, उलटतपासणी नव्हे.

आता एक गणित तुमच्यासाठी. शेवटची पाळी १० ऑक्टोबरला सुरू झाली, चक्र २८ दिवसांचे. प्रसूतीची संभाव्य तारीख कोणती? मज्जानलिका कधी मिटेल? फॉलिक आम्ल निदान कधी सुरू व्हायला हवे होते?

(उत्तरे: १७ जुलै. फलन २४ ऑक्टोबर, म्हणून मज्जानलिका २१ नोव्हेंबरच्या सुमारास. गोळी २४ सप्टेंबरपासून, म्हणजे ती पाळी येण्याच्याही सोळा दिवस आधी.)